घाबरटांचा बँड

बँड काही वर्षं टिकला की गाणी कमी आणि किस्से जास्त होतात. आमची स्वतःची म्हणावीत अशी गाणी अजून हाताच्या बोटांवर मोजता येतात, पण किस्से सुरू झाले की दुसरा चहा मागवावा लागतो आणि टपरीवाला बाकडं पुसायला लागतो.

मध्यंतरी एका मुलीनं तिच्या पॉडकास्टसाठी विचारलं, "तुमच्या बँडमागची प्रेरणा काय?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. प्रेरणा वगैरे काही आठवेना. आठवली ती नुसती भीती! शेजाऱ्यांची, स्टेजची, विजेची, आईबापांची. खरं सांगायचं तर आमच्या बँडचा इतिहास म्हणजे चार घाबरट माणसांचा इतिहास आहे. नाही, चुकलो. तीन घाबरट माणसं आणि एक सुजाता.

*

आधी तीन घाबरट.

ड्रम वाजवतो कौस्तुभ. कोथरूडचा, अंगानं पैलवान, काळजानं ससा. गिटार ऋत्विककडे. हा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो आणि मग वरही बघतो. बेस माझ्याकडे. मी प्रसाद, पण बँडमध्ये मला पश्या म्हणतात. हडपसरला एका आयटी कंपनीत मी टेस्टिंग करतो. म्हणजे एखादी गोष्ट कशीकशी बिघडू शकते याची कल्पना करायचा मला पगार मिळतो. ही सवय घरी येताना ऑफिसात ठेवून येता येत नाही.

सुरुवातीला आम्ही कौस्तुभच्या फ्लॅटमध्ये प्रॅक्टिस करायचो. भिंतींना गाद्या लावायच्या, खिडक्या लावून घ्यायच्या आणि त्याचे आईबाबा कामावरून यायच्या आत, सातच्या ठोक्याला बंद! तरी खाली राहणाऱ्या काकूंची धास्ती होतीच. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी नुसता चष्मा काढला तरी सेक्रेटरी बसून घ्यायचे.

एके दिवशी बेल वाजली. दारात काकू.

कौस्तुभ सरळ बाथरूममध्ये गेला आणि त्यानं आतून कडी लावली. स्वतःच्या घरात! ऋत्विकनं गिटारवर चादर टाकली. राहिलो मी.

"वाजवणारे आपणच का?"

"हो काकू. सॉरी काकू. आजपासून बंद, काकू."

"बंद? बंद कसं करता?" काकूंनी चष्मा काढला. "काल कुठे होतात?"

मी बाथरूमच्या बंद दाराकडे बघितलं.

"अहो, तुमचं ते धडामधुडूम थांबलं की सात वाजले असं समजून मी बीपीची गोळी घेते. काल तुम्ही आलाच नाहीत. राहिली ना गोळी माझी! येणार नसाल तर कळवत जा."

त्यानंतर प्रॅक्टिस नसली तरी कौस्तुभ एकटाच बसून सातपर्यंत ड्रम बडवायचा आणि घड्याळ बघून थांबायचा. काकूंचं बीपी आता छान आहे. कौस्तुभचं वाढलं.

*

सुजाता आम्हाला फायर ड्रिलमध्ये सापडली.

ती मूळची नागपूरची. माझ्याच ऑफिसात, पण दुसऱ्या टीममध्ये. आमच्या मजल्यावर आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढायची जबाबदारी तिच्यावर होती. ड्रिलच्या दिवशी कर्णा बिघडला. तिनं तो टेबलावर ठेवला, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "चला, निघा बाहेर!"

ओरडली नाही हं. म्हणालीच. पण तो आवाज छातीत घुसला. ड्रिल आहे, खोटी आग आहे हे ठाऊक असूनही मी जीव मुठीत धरून पळालो. पँट्रीतला एक जण तर हातात कप घेऊन थेट गेटबाहेर गेला आणि तिथून त्यानं घरी फोन केला!

खाली पार्किंगमध्ये दम लागलेल्या अवस्थेत मी तिला विचारलं, "तू गातेस का?"

"लहानपणी विहारात गात होते. वंदना, भीमगीतं. काहून बे?"

पुढच्याच आठवड्यात ती कौस्तुभच्या घरी आली आणि तिनं पहिली ओळ गायली, तेव्हा ऋत्विक वाजवायचं विसरला. मलाही रडू येईल की काय असं झालं. असा आवाज आपल्या खोलीत उभा आहे आणि आपण त्याच्या मागे बेस वाजवणार, या कल्पनेनंच हातापायाला घाम फुटला.

*

पहिला कार्यक्रम कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. पडद्यामागे आम्ही तिघं पानासारखे थरथरत होतो. सुजाता चणे खात होती.

"घाबरून राहिले का सगळे?"

"नाही नाही," आम्ही तिघं.

"खोटं नका बोलू बे. पोटात ठेवलं की ते हातात उतरते. बोलून टाका कशाची भीती वाटते ते. एकेक जण."

अशी आमची भीतीची हजेरी सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत ती घेतल्याशिवाय आम्ही एकही कार्यक्रम केलेला नाही. प्रत्येकानं आपली भीती मोठ्यानं सांगायची, बाकीच्यांनी हसायचं नाही.

कौस्तुभ म्हणाला, "स्टिक हातातून उडून प्राचार्यांना लागेल."

ऋत्विक म्हणाला, "तार तुटून डोळ्यात जाईल."

मी म्हणालो, "पँटची चेन उघडी आहे असं वाटतंय."

"बघ ना मग!" सुजाता म्हणाली. बंद होती.

"आणि तुझी भीती?"

"काही नाही."

दुसऱ्याच गाण्यात कौस्तुभची स्टिक उडाली. गिरक्या घेत गेली आणि पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती उचलली, कोटाच्या खिशात ठेवली आणि पुढचा सगळा कार्यक्रम शांतपणे ऐकला. शेवटी स्टेजमागे येऊन कौस्तुभच्या हातात देत म्हणाले, "आपलं काहीतरी आमच्याकडे आलं होतं. पुढच्या वर्षी यायचं झालं तर दोरी बांधून या."

*

हडपसरच्या पलीकडच्या एका गावात तरुण मंडळाचा वर्धापनदिन होता. उघडं मैदान, लोखंडी स्टेज, मागे घरघरणारा जनरेटर. त्या दिवशीच्या हजेरीत ऋत्विकनं एकच शब्द उच्चारला, "अर्थिंग."

वायरिंग करणाऱ्याला त्यानं जाऊन विचारलंही, "दादा, अर्थिंग आहे ना?"

"हाय की! सगळं हाय! तुमी बिनधास्त वाजवा."

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ऋत्विकला सुजातासोबत एक ओळ गायची असते. हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकला लागले आणि त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती मी जन्मात विसरणार नाही. तो मागच्या मागे पडला. मला वाटलं, गेला. खरंच वाटलं. मी बेस गळ्यात घेऊन तसाच उभा. कौस्तुभ ड्रमवरून उडी मारून त्याच्यापर्यंत पोचला आणि सुजातानं वायर ओढून काढली.

ऋत्विक उठून बसला. केस उभे, चेहरा पांढराफटक, पण शाबूत.

आणि समोरून गर्जना आली, "वन्स मोअर!"

अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर चढले आणि ऋत्विकचे दोन्ही हात धरून म्हणाले, "शेवटचं वरडणं लई भारी हुतं, राव! तेवढं परत घ्या की!"

वायरिंग दुरुस्त करून घेतलं. सुजातानं माइकला आपला रुमाल गुंडाळला. ते गाणं पुन्हा घेतलं. त्या ओळीला ऋत्विक माइकपासून हातभर लांब उभा होता. पण माइक समोर दिसताक्षणी तो असा काही किंचाळला की आधीची किंकाळी फिकी पडली!

बँडला तोवर नाव नव्हतं. परतीच्या वाटेवर टेम्पोत ठरलं. 'अर्थिंग'.

*

सुजातानं लिहिलेलं आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'पूर्ण नाव'. पुण्यात घर शोधताना तिला प्रत्येक जण आधी नोकरी विचारायचा, मग खाणंपिणं, मग जरा घुटमळून, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव ऐकलं की फ्लॅट कालच कुणालातरी दिलेला असायचा. ते गाणं ती सुरू करायची तेव्हा समोरची पोरं नाचायला लागायची आणि शेवटच्या कडव्याला थांबायची. एखाद्या दिवशी पुढ्यातला एखादा घरमालकच उठून भांडायला येईल, अशी मला कायम भीती वाटायची.

आला कोण? तिचे बाबा!

ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पोरगी कंपनीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात गाते, एवढंच त्यांना माहीत होतं. न सांगता नागपूरहून आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. पांढरा शर्ट, मांडीवर घडी घातलेला पेपर. पडद्याच्या फटीतून बघून सुजाता म्हणाली, "बाबा."

"मग? आज हजेरीत?"

"काही नाही," ती म्हणाली. पण चणे तिनं आमच्या हातात दिले.

कार्यक्रमभर बाबांचा चेहरा हलला नाही. मी चुकीचे सूर वाजवले, कौस्तुभ घामानं निथळत होता. संपल्यावर बाबा मागे आले. आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो, शाळेत राहायचो तसे.

"गाणं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आपल्या ढोलात शब्द समजत नाही. ज्याला सांगायचं त्याला ऐकू तर गेलं पाहिजे ना?"

"हो काका," कौस्तुभ म्हणाला.

मग ते सुजाताकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुला घर नाकारलं, हे मला तिकीट काढून ऐकावं लागते काय?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पेपर उघडून उगाच वाचायला लागले. त्या दिवसापासून त्या गाण्यात कौस्तुभ इतका हळू वाजवतो की त्याचा श्वास ऐकू येतो.

*

नंतर तिचा आवाज बसला.

आधी आम्हाला वाटलं दगदग. मग थंड पाणी. मग ऑफिसचा एसी. काढे झाले, गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. वरचा सूर लावला की आवाज मधेच कापल्यासारखा तुटायचा. शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. चौघंही. डॉक्टरांनी आमच्याकडे बघून विचारलं, "पेशंट नक्की कोण?"

"ही," आम्ही तिघं.

"मग घाम तुम्हाला का फुटलाय?"

स्वरयंत्रावर गाठ होती. साधी होती, पण काढायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, "आवाज परत येईल. पण तोच येईल, असं मी लिहून देणार नाही."

बाहेर आलो. ऋत्विकनं रस्ता ओलांडताना कुठेच बघितलं नाही. मी तरी एवढा कधीच घाबरलो नव्हतो, अगदी तो शॉक लागून पडला तेव्हासुद्धा नाही. बँड राहील की जाईल, हा प्रश्न नव्हताच. हिचं काय? हा आवाज गेला, तर ही बाई आहे तशी राहील का?

*

ऑपरेशननंतर तिला काही आठवडे एक अक्षर बोलायची मनाई होती. कुजबुजायचंसुद्धा नाही.

सुजातानं यावर उपाय काढला. ती फोनवर टाइप करायची आणि फोन ते वाचून दाखवायचा. पण फोनमधली ती बाई बोलायची रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी. सपाट, थंड, एकेक शब्द वेगळा. प्रॅक्टिसला बसलो की कोपऱ्यातून घोषणा यायची, "पश्या. तू. गाढव. आहेस. तिसरा. सूर. चुकला."

रिक्षात एकदा रिक्षावाला भलत्याच रस्त्यानं निघाला, तर मागून घोषणा झाली, "दादा. डावीकडे. वळा. मला. नागपूरला. जायचे. नाही." रिक्षावाल्यानं घाबरून ब्रेकच मारला आणि मागे वळून विचारलं, "ताई, गाडीत अजून कोण आहे?"

आम्ही खूप हसायचो त्या दिवसांत. गरजेपेक्षा जास्त. हसणं थांबलं की खोलीत काय उरतं ते सगळ्यांना माहीत होतं.

एका संध्याकाळी कौस्तुभला सुचलं की कार्यक्रम नसला तरी हजेरी घेऊ या, सवय मोडायला नको. तो म्हणाला, "मला लिफ्टची भीती वाटते." ऋत्विक म्हणाला, "मला पालीची." मी म्हणालो, "अप्रेझलची." खोटं बोलत होतो आम्ही तिघंही. मग सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. इतक्या कार्यक्रमांत तिचं उत्तर कधी बदललं नव्हतं.

ती बराच वेळ टाइप करत होती. पुसत होती, पुन्हा लिहीत होती. मग फोन बोलला.

"मला. भीती. वाटते."

त्याच सपाट आवाजात. पुढची गाडी उशिरा येणार असल्यासारखं. आमचा नियम होता की हसायचं नाही. त्या दिवशी तो पाळायला काहीच कष्ट पडले नाहीत.

*

आणि आता शेवटचा किस्सा. हा आम्ही सहसा कोणाला सांगत नाही.

डॉक्टरांनी आधी बोलायची परवानगी दिली. तिचं बोलणं जरा जाडसर झालं होतं, पण ते तिचंच होतं. मग काही काळानं म्हणाले, आता गाऊन बघा. रविवारी दुपारी आम्ही कौस्तुभच्या खोलीत जमलो. भिंतीला त्याच गाद्या, खिडक्या बंद. सुजातानं चणे आणले नव्हते.

"'पूर्ण नाव' घेऊ," ती म्हणाली. "आणि जोरात वाजवा बे. मला माझं ऐकू आलं नाही पाहिजे."

त्या दिवशी हजेरी कोणी घेतली नाही.

माझं मी सांगतो. मी आत यायच्या आधी जिन्यात उभं राहून दोन्ही कानांत कापूस कोंबला होता. चांगला दाबून. वर केस ओढले. तो आवाज गेला असेल तर ते कळणारा पहिला माणूस मला व्हायचं नव्हतं. बस्स. कळेल ते बाकीच्यांच्या चेहऱ्यावरून कळेल, असं ठरवलं होतं.

कौस्तुभनं स्टिक आपटल्या आणि आम्ही सुरू केलं. एवढ्या जोरात आम्ही कधी वाजवलं नव्हतं, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सुजाता माइक धरून डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ झाली होती. माझ्या कानात नुसता समुद्र. मी ऋत्विककडे बघितलं. तो मान डोलवत होता. कौस्तुभकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. म्हणजे आला! आवाज आला! माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मलाही भरून आलं.

गाणं संपलं. तिनं डोळे उघडले. "कसा वाटला?" हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

"एकदम पहिल्यासारखा!" ऋत्विक म्हणाला.

कौस्तुभनं दोन्ही अंगठे वर केले.

आता मागे कसं राहायचं? मी म्हणालो, "पहिल्यापेक्षा भारी! ते शेवटचं कडवं तर... अंगावर काटा आला गं!"

सुजाता आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग माझ्याजवळ आली, माझे केस बाजूला केले, चिमटीनं एका कानातला कापूस ओढून काढला आणि त्या कानात म्हणाली, "मी गायलेच नाही बे. नुसतं तोंड हलवून राहिली होती. हिंमत नाही झाली."

ऋत्विक खाली बघायला लागला. मग त्यानं खिशातून डबी काढली आणि कानातले रबरी बोळे तिच्यात ठेवले. कौस्तुभच्या कानांवर नेहमीचा हेडफोन होता, त्यात तालाची टिकटिक लावलेली असते. ती टिकटिक त्यानं इतकी वाढवली होती की आता मला खोलीच्या या टोकाला ऐकू येत होती. तो अजूनही दोन्ही अंगठे वर करून ओल्या डोळ्यांनी हसत होता.

"काय?" तो मोठ्यानं ओरडला. "काय म्हणाली?"

सुजातानं जाऊन त्याचा हेडफोन काढला आणि टिकटिक बंद केली. माझ्या दुसऱ्या कानातला कापूस मी स्वतःच काढला. ती माइकपाशी परत गेली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं माइकही बंद केला आणि बाजूला ठेवला. खोलीत पंख्याचा आवाज होता, तेवढाच. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत.

"कोणी वाजवू नका," ती म्हणाली. "नुसतं ऐका."